जागेश्वर पेंटरचा पूर

जागेश्वर पेंटरनं दिवाळीआधीच जाहीर करून टाकलं, की यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, तो अख्खं गाव पाच मिनिटांत बुडवून दाखवणार! गावानं शांतपणे ऐकून घेतलं. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना बुडण्याचं अप्रूप नसतं. ते पेंटरला कसं जमणार, एवढंच कुतूहल होतं.

पवनीच्या टुरिंग टॉकीजमध्ये त्यानं एक सिनेमा चारदा पाहिला होता. शेवटी समुद्र येतो आणि नगरी गिळतो. तीनदा तो सगळ्यांसारखा घाबरला. चौथ्यांदा त्याला दिसलं, की उडणारा एकेक थेंब देवळाच्या कळसाएवढा आहे. म्हणजे नगरी हातभर, आणि समुद्र बादलीतला! त्या दिवसापासून दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचं मन रमेना.

मंडईचे अध्यक्ष पुंडलिकराव. पुढच्या नाटकाचे सहा पडदे कुणी रंगवायचे, हे तेच ठरवणार, आणि त्यांचा ओढा नागपूरच्या पेंटरकडे. "तुहा पूर पाहतो, मंग सांगतो," एवढंच ते म्हणाले होते.

जागेश्वरनं खाटेएवढी चौकट ठोकली, आतून डांबर फासलं, माती भरली आणि वर मातीचीच वीतभर घरं मांडली. चूक इथंच झाली. नगरी कोणतीही चालली असती. त्यानं आपलंच गाव केलं, कारण पाठ होतं ते तेवढंच.

लोक बघायला येऊ लागले. ज्याला त्याला आपलं घर सापडलं. गोदावरीबाईंना आपली भिंत शेजारणीपेक्षा बसकी वाटली. ती उंच केली, तर शेजारीण आली. कुणाला गोठा हवा, कुणाला धान साठवायची ढोली. एकानं तर स्वतःच आणून परसात तुळस लावून टाकली, चिमटीएवढी, पण खरी.

फकिरा धीवर रोज जाळं खांद्यावर टाकून यायचा आणि उकिडवा बसून बघायचा. आठव्या दिवशी बोलला, "पूर समोरून येत नाही गा. आधी मांगून चढते, नाल्यानं. आपल्याले मालूम होते तवा चूल भिजली रायते."

जागेश्वरला पटलं. त्यानं पाणी सोडायची नदीकडची नळी काढून नाल्याकडे बसवली. नाल्याकाठचं पहिलं घर पुंडलिकरावांचं आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मंडईच्या दिवशी भर दुपारी चौकटीभोवती गर्दी. स्टुलावर पाण्याचं पिंप, बुचाला फकिरा. जागेश्वरनं हात वर केला. पाणी नाल्यातून असं चोरपावलांनी चढलं, की पुढच्या बायांनी लुगडी सावरली.

"थांब गा," गोदावरीबाई म्हणाल्या. "माह्या घरात पाणी घालून राहिला का? सकाळीच सारवलं."

आणि त्यांनी वाकून घर उचललं नि ओच्यात ठेवलं.

मग कोण थांबतो! घरं उठली, गोठे उठले, मारुतीचं देऊळ दोघांनी मिळून नेलं. पुंडलिकराव पडले अध्यक्ष. त्यांना वाकणं शोभण्यासारखं नव्हतं. पाणी ओसरीला लागेपर्यंत ते आभाळाकडे बघत राहिले. मग धोतराचा सोगा सावरायला वाकले, आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या बगलेत घर होतं.

पूर मात्र देखणा आला. नुसत्या चिखलावरून गरगरत गेला. कोपऱ्यात एकच घर उरलं होतं, जागेश्वरचं. आधी भिंती बसल्या, मग छप्पर दिसेनासं झालं, मग एक बुडबुडा आला. कुणी हललं नाही.

"आता बराबर आला," फकिरा म्हणाला.

पुंडलिकरावांनी बगलेतलं घर दुसऱ्या बगलेत घेतलं. "पडदे तूच रंगवजो. नागपूरवाल्याले आपलं गाव काय मालूम? पण नदी काढू नको. एकाही पडद्यावर नको."

घरी जाताना सत्यवतीनं नवऱ्याला, जागेश्वरला, विचारलं, "साऱ्यायनं आपापलं घर उचललं. तुमी काहून नाही उचललं?"

"थेंब पाहत होतो."

"मंग?"

"एकेक आपल्या दाराएवढा होता."

"म्हंजे तुमी पाहत उभेच होते," सत्यवती म्हणाली.