कोजागिरीचं लांबट पातेलं

“करा काय करायचं ते. पण माझ्या कढया-पातेल्यांना हात लावायचा नाही. वेगळं भांडं घ्या.”

देवयानीबाई सकाळी चहा गाळताना एवढंच बोलल्या आणि केशर-पिस्ते आणायला कलकत्त्याच्या बाजारात, एस्प्लनेडला निघून गेल्या. पुढे जे काही रामायण झालं, ते शेवटच्या तीन शब्दांमुळे.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचे यजमान विनायकराव स्वयंपाक करू लागले होते. फोनवर कोणी बाई काहीतरी शिजवून दाखवी, आणि हे तिची कृती कागदावर उतरवून हेड ऑफिसच्या परिपत्रकासारखी वाचत. “चवीपुरतं मीठ” आलं की अडत. “कोणाच्या चवीपुरतं? हे ठरवण्याचे अधिकार कोणाला?” असं ते देवयानीबाईंना खरोखर विचारत. या आठवड्यातली कृती मात्र त्यांना फारच आवडली होती. शरद ऋतूसाठी सोपं जेवण: पोर्क, सफरचंद, नासपती, कांदा, मोहरी. सगळं एकाच भांड्यात, त्यामुळे घासायलाही एकच. मोहरीच्या सॉसऐवजी बंगाली कासुंदी चालेल, हे त्यांनी स्वतःच्या अधिकारात ठरवलं.

खाणाराही ठरलेला होता. बँकेतले जुने सहकारी गांगुलीबाबू. आज गांगुलींच्या घरी लक्ष्मीपूजा, म्हणजे दिवसभर कांदासुद्धा वर्ज्य. “दादा, दोपहर को आपके यहाँ शरण लूँगा,” असं त्यांनी आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलं होतं. विनायकराव पहाटेच न्यू मार्केटमधून मांस घेऊन आले. येताना बेहाला बाजारात फळं घेतली, तर फळवाल्याने एवढी सफरचंदं पाहून पूजेसाठी म्हणून वर दोन झेंडूची फुलं फुकट दिली. विनायकरावांनी ती मुकाट्याने खिशात घातली.

आता प्रश्न भांड्याचा. “वेगळं भांडं” म्हणजे कुठलं? ते स्वयंपाकघरात गेले आणि पाहतात तर ओट्यावर एक भांडं पालथं घातलेलं. घासूनपुसून लखलखीत. मोठं, जाड बुडाचं, पितळी, आतून कल्हई केलेलं, दोन बाजूंना कड्या, शेजारी झाकण. आणि लांबट! फोनवरच्या बाईचं होतं अगदी तसंच, अंड्यासारखं. घरात हे भांडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. विनायकरावांनी ते कौतुकाने सुलटं केलं. तोंडाने एवढं बोलली, पण बिचारीने वेगळं भांडं काढून, घासून ठेवलं!

ते भांडं म्हणजे मराठी मंडळाचं कोजागिरीचं पातेलं होतं.

कलकत्त्यातल्या मराठी माणसांनी कोजागिरीला एकत्र जमून दूध प्यायचं, ही प्रथा बेहालापर्यंत ट्राम जात होती तेव्हापासूनची. तेव्हा दूध खटाळावरून, म्हणजे गवळ्याच्या गोठ्यातून, बादलीत यायचं आणि आटवायला बसलेल्या बायका पदराने घाम पुसत माहेरची गाणी म्हणायच्या. आता दूध पिशव्यांतून येतं आणि मुलं मराठीत “मला अजून दूध पाहिजे आहे, प्लीज” म्हणतात. पण पातेलं तेच. प्रेमलतामावशींनी ते मंडळाला दिलं होतं. दूध आटवायचं पातेलं असं लांबट का, हे कोणी विचारलं नव्हतं. जुनी माणसं करत ते विचारपूर्वकच करत, असं सगळे धरून चालले होते. वर्षभर ते सांभाळायचा मान एका घराला असे. मावशींच्या हातून तो देवयानीबाईंकडे आला, तेव्हा मावशींनी एकच अट घातली होती, “याला मीठ लागू देऊ नकोस.” देवयानीबाई ते जुन्या पातळात गुंडाळून माळ्यावर ठेवत आणि फक्त कोजागिरीच्या सकाळी खाली काढत. मीनाक्षी नावाची त्यांची मैत्रीण हा मान आपल्याकडे यावा म्हणून कित्येक वर्षं टपलेली होती.

विनायकरावांना कोजागिरीचं दूध फक्त पेल्यातून माहीत होतं.

देवयानीबाई दुपारी परतल्या तेव्हा जिन्यातच त्यांना वास आला. भाजलेलं सफरचंद, कांदा, कासुंदी, आणि खाली कुठेतरी आणखी काहीतरी. दार उघडलं तर गांगुलीबाबू टेबलाशी, बाह्या वर सारून बसलेले.

“बौदी! दारुण! आपके साहब ने तो कमाल कर दिया!” बंगालीत ‘बौदी’ म्हणजे वहिनी आणि ‘दारुण’ म्हणजे झकास.

देवयानीबाईंनी टेबलाकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. पातेल्यात नासपतीच्या फोडींमध्ये पहुडलेल्या त्या वस्तूकडे पाहिलं. मग त्या खुर्चीवर बसल्या.

“अहो.”

“बस, बस. तुलाही नुसती सफरचंदं वाढू का? आणि हे बघ, भांडं काढून ठेवलंस ना, त्याबद्दल खरंच—”

“हे मी तुमच्यासाठी काढलं?”

“म्हणजे… तूच म्हणालीस, वेगळं घ्या.”

“वेगळं म्हणजे तुमचं ते काळं, दांडा मोडलेलं! अहो, हे कोजागिरीचं पातेलं आहे! आज संध्याकाळी यात दूध आटायचंय! सगळ्या मंडळासाठी!”

गांगुलीबाबूंना मराठी फारसं येत नसे, पण संसारी माणसाला सूर कळतो. ते ताट उचलून बाल्कनीत गेले.

“मीठ घातलंत?” देवयानीबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

“चवीपुरतं,” विनायकराव म्हणाले.

पुढचे काही प्रयोग घाईत झाले. ऐवज मोठ्या डब्यात काढला. पातेलं चिंचेने घासलं, लिंबाने घासलं, बेसनाने घासलं. कल्हई चकाकली, पण कासुंदीचा वास जाईना. चौथ्यांदा घासून देवयानीबाईंनी पातेल्यात डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणाल्या, “आणि वास गेला तरी काय? मला माहीत आहे ना. नैवेद्य आहे तो. मावशींना कुठल्या तोंडाने पेला देऊ? एक अट घातली होती त्यांनी, एक!”

तेवढ्यात घंटी वाजली. दारात मीनाक्षी.

“गाडी आणलीय. दे पातेलं, हॉलवर नेते. एवढं जड तू कशी नेणार?” ती आत आली आणि थबकली. “कसला गं वास?”

“मुरांबा,” देवयानीबाई म्हणाल्या. “सफरचंदाचा. हे करतायत.”

“कांदा घालून?”

“नवीन पद्धत आहे.”

“मोहरीचाही वास येतोय.”

“फोडणी दिली,” विनायकराव आतून म्हणाले.

त्याच वेळी बाल्कनीतून गांगुलीबाबू आले. तोंड पुसत मीनाक्षीला नमस्कार करून म्हणाले, “बौदी, हड्डी कहाँ फेंकूँ?”

मीनाक्षीने एकदा हाडाकडे पाहिलं, एकदा देवयानीबाईंकडे.

“मुरांब्यात हाड?”

“ते… त्यांनी घरून आणलेलं,” विनायकराव म्हणाले.

“बरं. पातेलं कुठाय?”

“कल्हईला दिलंय,” देवयानीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“आज? अगं, कलकत्त्यात कल्हईवाला शोधून सापडत नाही, आणि तुला ऐन कोजागिरीला सापडला?”

“संध्याकाळपर्यंत देतो म्हणालाय. आम्ही परस्पर हॉलवर आणतो.”

“बघ हं,” मीनाक्षी म्हणाली. “झेपत नसेल तर तसं सांग. पुढच्या वर्षीपासून मी सांभाळेन. माझा माळा रिकामाच आहे.”

ती गेली. देवयानीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मात्र विनायकरावांना आपण नेमकं काय शिजवलं ते कळलं. “मी दुसरं भांडं आणतो,” ते म्हणाले आणि बाहेर पडले.

पण लक्ष्मीपूजेच्या दिवशी बेहालामध्ये मोठं भांडं मिळणं म्हणजे लग्नाच्या तिथीला घोडा मिळण्यासारखं. पूजा कमिटीची सगळी पातेली खिचडीत गुंतलेली. बाजारात भांड्यांची दुकानं होती, तिथे बादल्या होत्या, ताटं होती, इडलीचं पात्रसुद्धा होतं, पण तेवढं मोठं जाड बुडाचं काही नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे गेले. तो नारळाचे लाडू वळत होता, मान वर न करता म्हणाला, “कढई? आज? दादा, आपकी अपनी क्या हुई?”

“पीतल की थी, टूट गई.”

“पीतल की? टूट गई?”

गांगुलीबाबू हाड टाकायला म्हणून मागोमाग आले होते. त्यांनी बंगालीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्यात “बौदी”, “कान्ना” म्हणजे रडारड, आणि “डिव्होर्स” हे शब्द विनायकरावांना समजले. मिठाईवाल्याने मान वर केली, हळहळला आणि आतून एक कढई काढून दिली. मोठी, जाड, काळीकुट्ट, वर्षानुवर्षं दूधच आटवलेली. अगदी सात्त्विक. फक्त ठार गोल.

“याला लांबट करता येईल का?” देवयानीबाईंनी ती पाहून विचारलं, आणि मग स्वतःच कपाळाला हात लावला.

निघताना विनायकरावांनी गांगुलीबाबूंच्या घरी द्यायला म्हणून पोर्कचा डबाही पिशवीत टाकला. गांगुलीबाबूंचं घर हॉलच्या वाटेवरच होतं, पण ते टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, “ना दादा, ये घर में घुसा तो मैं नहीं घुसूँगा. आज लक्ष्मी है.” तेव्हा डबा तसाच हॉलवर आला.

चंद्र वर आला होता. गच्चीवर शेगडी पेटली, कढई चढली, दूध उकळू लागलं. देवयानीबाई झाऱ्याने दूध ढवळत कढईला आपल्या अंगाने होईल तितकं झाकून उभ्या होत्या. पण गोल ते गोलच. मीनाक्षीने येऊन बघितलं, काही बोलली नाही, आणि सरळ प्रेमलतामावशींच्या खुर्चीकडे गेली.

नव्वदीला टेकलेल्या प्रेमलतामावशी शाल गुंडाळून, काठी टेकत शेगडीपाशी आल्या. बायका बाजूला झाल्या.

“देवयानी, हे गोल का?”

“कल्हईला…” देवयानीबाईंनी सुरुवात केली, आणि मावशींच्या जाड भिंगांमागचे डोळे बघून पुढचे शब्द विसरल्या.

“माझी चूक आहे, मावशी,” विनायकराव पुढे झाले. “तिने दुसरं भांडं घ्या म्हटलं, मी चुकून आपलं पातेलंच घेतलं. त्यात शिजवलं.”

“काय शिजवलंस?”

दुधाला उकळी फुटल्याचा आवाज ऐकू आला.

“पोर्क,” विनायकराव म्हणाले.

मीनाक्षीने “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात ठेवला. कोणीतरी मुलाच्या कानांवर हात ठेवला, का ते त्यालाच ठाऊक.

मावशींनी भिंगं नाकावर सारखी केली. मग म्हणाल्या, “नुसतंच?”

“नाही. सफरचंद घातलं. नासपती. कांदा, मोहरी.”

“आमच्या वेळी अननस असायचा.”

देवयानीबाईंचा झारा थांबला. “तुमच्या वेळी?”

“अगं, आमचे कर्नलसाहेब फोर्ट विल्यमला होते ना! तिथल्या मेसने जुनी भांडी मोडीत काढली, तेव्हा ते हौसेने घेऊन आले. नाताळात अख्खी तंगडी निजायची त्यात, अननसाच्या चकत्या पांघरून. म्हणून तर लांबट!” मावशींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “तुम्हाला काय वाटलं? दूध आटवायला असलं लांबडं पातेलं कोणी घडवतं का?”

गच्चीवरची निम्मी माणसं त्या पातेल्यातलं दूध पिऊन लहानाची मोठी झाली होती.

“मग मावशी,” देवयानीबाईंचा आवाज रडका आणि चिडका असा दोन्ही झाला होता, “मीठ लागू देऊ नकोस, असं मला बजावून का सांगितलंत?”

“तर काय! चिंच लावून लावून माझे हात सोलले होते. दोनदा कल्हई केली. एवढी मेहनत घेतल्यावर परत कशाला लागू द्यायचं?” मावशींनी मान वळवली. “आणि मीनाक्षी, तुला हवं होतं ना पातेलं? घेऊन जा आजच.”

“नको, नको,” मीनाक्षी घाईघाईने म्हणाली. “माळ्यावर कुठे जागा आहे माझ्या? देवयानीकडेच बरं आहे ते.”

दूध गाळून पेल्यांत भरलं. केशर, पिस्ते, वरून चंद्राचा कवडसा. सगळे जपून पहिला घोट घेऊन थांबले. नैवेद्य सात्त्विक कढईतला होता, तक्रारीला जागा नव्हती. तरी मीनाक्षीने दुसरा घोट घेतला, चाखल्यासारखं केलं आणि सवयीने बोलून गेली, “छान आहे हं. पण आपल्या पातेल्याची चव नाही.”

“नाहीच,” दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, आणि मग एकमेकींकडे बघायचं टाळू लागल्या.

खुर्चीत परत बसलेल्या मावशींनी विनायकरावांना काठीने खूण केली. “पिशवीत काय आहे रे?”

विनायकरावांनी इकडेतिकडे बघून डबा काढला. मावशींनी झाकण जरासं वर केलं, नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले. त्या खाणार नव्हत्या; त्यांनी जन्मात कधी ते तोंडात घातलं नव्हतं. पण बराच वेळ तसंच बसून राहिल्या, जणू मेसच्या व्हरांड्यात बँड वाजतोय आणि कोणीतरी गणवेशात हसत पायऱ्या चढून येतंय.

मग झाकण घट्ट लावून त्यांनी डबा परत दिला, आणि देवयानीबाईंचा हात धरून त्यांना जवळ ओढलं.

“पुढच्या वर्षी दूध त्यातच कर गं,” त्या कानात म्हणाल्या. “तोवर फक्त मीठ लागू देऊ नकोस.”