स्टँडवरचा ठेका

ताई हसली नाही, तिथेच मला शंका आली.

माझी थोरली बहीण म्हणजे हसायला निमित्तच शोधत असते. मी नुसतं 'जेवलीस का?' विचारलं, तरी डोळ्यांतून पाणी काढून हसणारे चेहरे ओळीने पाठवते. आणि आज मी तिला चक्क आमच्या बाबांची क्लिप पाठवली होती, तरी पलीकडे शुकशुकाट.

बाबा म्हणजे माझे सासरे. व्हॉलीबॉलचे पंच. आमच्या घरात सगळे त्याच खात्यातले. सासूबाई गुण लिहितात आणि नवरा कोपऱ्यात झेंडा धरून रेषेवर डोळे लावून उभा असतो. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पंखा चालू ठेवून खोलीबाहेर पडले म्हणून बाबांनी मला पिवळं कार्ड दाखवलं होतं. (खरंखुरं. खिशात असतं त्यांच्या. मी घाबरून माफी मागितली. तो विनोद होता हे मला दोन महिन्यांनी नवऱ्याने सांगितलं. या घरात विनोदसुद्धा निकाल दिल्यासारखे करतात.)

तर बाबांचा मागचा सामना मी फोनवर टिपला होता. काल घरी तो आवाज बंद करून बघत होते आणि शेजारी ते सध्या जिथेतिथे वाजणारं पॉप गाणं लागलं होतं. बघते तर काय, बाबा थेट ठेक्यात! खेळाडू बदलायचा म्हणून दोन्ही हात एकमेकांभोवती गरगर फिरवले, ते नेमके ढोलावर. चेंडू बाहेर गेला, दोन्ही तळवे वर, ते गिटारवर. सेट संपला म्हणून छातीवर हातांची फुली मारली, तिथे गायिकेने श्वास घेतला. आणि चेहरा? चेहरा असा, की बँकेत सही जुळत नाहीये. मी एकटीच उशीत तोंड खुपसून हसले, सकाळी गाणं चिकटवलं आणि क्लिप ताईला पाठवून दिली.

म्हणजे मला तसं वाटलं.

ताईने तिच्या फोटोच्या जागी बाळाचं डोकं लावलंय. गोल, गुळगुळीत, एकही केस नाही. त्याच्या बरोबर खाली आणखी एक गोल, गुळगुळीत फोटो असतो. तो व्हॉलीबॉलचा. मी वर जाऊन नाव वाचलं. 'व्हॉलीबॉल पंच मंडळ (अधिकृत)'. घरच्यांच्या जोडीला मलाही घेतलेला ग्रुप. तो कंसातला शब्द मी तीनदा वाचला.

आता आज काय होतं ते सांगायलाच हवं. आज फायनल होती. इतकी वर्षं बाबांनी फायनलला खालीच उभं राहून दुय्यम पंचगिरी केली. उंच स्टँडवर उभं राहण्याचा मान दर वेळी दुसऱ्याच कुणाला तरी मिळायचा. या वर्षी त्यांचं नाव पुढे होतं आणि सामन्याआधी मैदानावरच कमिटी बसून ठरवणार होती. कमिटी कसली? तर गेल्या वर्षी एक पंच सामना चालू असताना हसले म्हणून त्यांना मधल्या वेळेत खाली उतरवणारी. बाबा सकाळी काही न बोलता लवकर निघून गेले होते. एरवी तेही मला साधं वाटलं असतं.

मी क्लिप पुसायला गेले. फोन विचारतो, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? घाबरलेल्या माणसाला असले पर्याय देऊ नयेत हो. जे बोटाखाली आलं ते दाबलं. आता ती क्लिप जगात सगळ्यांना दिसत होती, फक्त मला सोडून.

मग मी डोकं शांत ठेवून ग्रुपवर लिहिलं, 'कृपया वरचा व्हिडिओ कोणीही बघू नये.' पाठवल्यावर लक्षात आलं, असं वाचून तर मीसुद्धा आधी तेच बघितलं असतं. म्हणून लिहिलं, 'वरचा मेसेजही वाचू नये.' तरी कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी माफीचा निरोप बोलून पाठवला. त्यात निम्म्या उचक्याच होत्या.

नवऱ्याला फोन केला. वाजून वाजून बंद पडला. सासूबाईंचाही तसाच. कमिटीच्या सेक्रेटरींना केला, तर त्यांनी चक्क कापला. म्हणजे कमिटी बसली होती तर. मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, मधोमध फोन ठेवलाय आणि समोर बाबा खाली मान घालून उभे आहेत. मी तशीच धावत बसस्टॉपवर गेले. (एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात सासूबाईंची.) तिथे बाकावर एक आजी बसल्या होत्या. माझं फोन लावणं, कापणं, पुन्हा लावणं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"दवाखान्यात आहे का कुणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, मैदानावर. सासरे."

"अगं बाई. फार लागलंय का?"

"अजून काही कळत नाहीये हो," मी म्हटलं आणि मला रडूच आलं. आजींनी माझा हात हातात घेऊन डोळे मिटले आणि पुटपुटायला सुरुवात केली.

शेवटचा उपाय म्हणून मी बाबांनाच फोन लावला. आणि तो उचलला गेला.

मी त्यांना 'हॅलो'सुद्धा म्हणू दिलं नाही. क्लिप, ताई, बाळाचं डोकं, ढोल, गिटार, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"झालं?" बाबा म्हणाले. "आता श्वास घे. स्टँड मलाच मिळालाय."

मी मटकन आजींच्या शेजारी बसले. "म्हणजे... क्लिप बघूनही?"

"कुणी बघितलीय? तू ग्रुपवर रोज ते चार्जर फुटल्याचे, लिफ्ट अडकल्याचे, कानात मुंगी गेल्याचे मेसेज टाकतेस ना? त्यामुळे तुझं नाव दिसलं की कुणी उघडतच नाही. सेक्रेटरींनी फोनही त्याच भीतीने कापला."

इतका सुखाचा अपमान माझा आजवर झाला नव्हता. मी आजींना खुणेनेच सांगितलं, सगळं ठीक आहे. आजींनी आकाशाकडे बघून हात जोडले.

"पण तू एवढं रंगवून सांगितलंस," बाबा म्हणाले, "आता बघावंसं वाटतंय खरं." आणि फोन तोंडापासून लांब गेला. "अहो सेक्रेटरी, सूनबाईंनी काहीतरी पाठवलंय. जरा त्या मोठ्या पडद्यावर लावा बरं. प्रेक्षक बसलेच आहेत."