पांढऱ्याचं पोट

शाळा तपासायला आलेले साहेब खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच खिडकीतून आवाज आला, "साहेब, तुमचं धोतर निळ्या पोटाचं अन् सदरा पिवळ्या पोटाचा. दोघं भांडून राह्यले."

साहेबांनी आधी धोतर पाहिलं, मग सदरा, मग माझ्याकडे. मी सावली गावातल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. तपासणीसाठी मी एकवीस बाबींची यादी केली होती. तीत दौलतभाऊ नव्हते.

दौलतभाऊ माझे शेजारी. सारा जन्म तांदळाच्या गिरणीत पारख करण्यात गेला. पसाभर दाणे तळहातावर घेतले की लुचई तांदूळ नवा की जुना, त्याला ओल लागली की नाही, हे ते नुसत्या रंगावरून सांगत. गिरणीतून निवृत्त झाले, पण डोळे निवृत्त व्हायला तयार होईनात. मग त्यांनी भिंती धरल्या.

त्यांचं म्हणणं असं, की निव्वळ पांढरं जगात काही नसतं. प्रत्येक पांढऱ्याला पोट असतं आणि पोटात दुसरा रंग दडलेला असतो, निळा, पिवळा, गुलाबी, नाहीतर राखी. "एकटा पांढरा खोटं बोलते, बाई. त्याच्या बाजूले दुसरा पांढरा ठेवा, मंग पाहा कसा कबूल करते." या कबुलीजबाबासाठी त्यांच्या खिशात एक पुडी कायम असे. तीत अंड्याचं टरफल, फुटक्या बशीचा तुकडा आणि धुवट मांजरपाटाची चिंधी.

डाकघराच्या भिंतीला गुलाबी पोट आहे, हे त्यांनी पोस्टमास्तरांना भर गर्दीत सांगितलं. एका बारशाला गेले, तर बाळ बाजूला सरकवून पाळण्यातल्या दुपट्याला चिंधी लावून पाहिली. लोक हसत. पण दिवाळी जवळ आली की तेच लोक चुन्याच्या बादल्या घेऊन त्यांच्या दारात उभे. नीळ किती घालू? पिवळी माती किती? काजळी चिमूटभर की अर्धी?

त्या वैशाखात आमच्या वसंताचं लग्न ठरलं. मुलगी चामोर्शीची, नाव इंदू. लग्न शनिवारी तिकडे, रविवारी सून घरात. मी लग्नाची यादी केली. सातव्या क्रमांकावर लिहिलं, 'सुनेची खोली पोतारणे. एक दिवस.' भिंती पोतारणं हे आमच्याकडे बायांचं काम. मी दोघींना सांगून ठेवलं होतं. दौलतभाऊंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"का हो?" मी विचारलं.

"खाली शेणाचं सारवण. त्याचं पोट हिरवं. त्याच्यावर तुम्ही चुन्यात नीळ घालून भिंत उभी करान, तर भिंत बिमार दिसन. नव्या पोरीले बिमार खोलीत आणता का?"

"मग कोणता पांढरा?"

"तेच तर पाहून राह्यलो ना!"

हे पाहणं चार दिवस चाललं. भिंतीवर तळहाताएवढे चौदा पट्टे उमटले, सगळे पांढरे. ते सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, दिवेलागणीला कंदील धरून बघायचे आणि मलाही बघायला लावायचे. मला चौदाही सारखेच दिसत. खोलीला मात्र गजकर्ण झाल्यासारखं दिसू लागलं.

"पाचव्यात अन् नवव्यात तुमाले फरक दिसत नाई?"

"नाही."

"अन् पोरींले चित्रकला शिकवता!"

सोमवारी मी त्यांना मुदत घातली. गुरुवारपर्यंत खोली झाली नाही, तर मी बाया बोलावून साधा चुना फासून घेईन. मंगळवारी सकाळी पाहते तो दौलतभाऊंच्या दाराला कुलूप. बुधवारीही कुलूप. इकडे पाहुणे येऊ लागले. जो तो खोलीत डोकावून विचारी, "भिंतीले काय झालं?" माझी नणंद म्हणाली, "वहिनी, पोरीले म्हणा, डोळे मिटूनच आत ये." मी यादीतल्या सातव्या बाबीसमोर लिहिलं, 'दौलतभाऊंशी यापुढे बोलायचं नाही', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

गुरुवारी दुपारी ते उगवले. गुडघ्यापर्यंत वाळू, खांद्यावर पोतं, तोंडभर हसू. मी रेघा विसरून ओरडले, "होतात कुठे?"

"चामोर्शीले."

"लग्न शनिवारी आहे, दौलतभाऊ!"

"लग्नाले नाई गेलो. भिंत पाहाले गेलो."

डोंग्यातून वैनगंगा ओलांडून, मिळाली तिथे बैलबंडीने आणि बाकी पायी, हा माणूस आमच्या विहीणबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला होता. म्हणाला, पोरगी झोपते ती खोली दाखवा. विहीणबाईंना वाटलं, मुलाकडच्यांनी खोट काढायला माणूस धाडला. घाबरून त्यांनी त्याला दोनदा जेवू घातलं. यांनी भिंतीला टरफल लावलं, बशी लावली, चिंधी लावली आणि विचारलं, "ही पांढरी माती कोणत्या तलावाची?"

पोत्यात तीच माती होती.

दौलतभाऊंनी पोतं खाली ठेवलं.

"आमची आली तवा चवदा वर्षांची होती, बाई. महिनाभर धड झोपली नाई. मी विचारो, काय झालं? ती म्हणे, काई नाई. लई वर्षांनी बोलली. म्हणे, तुमच्या घरचं पांढरं आमच्या घरच्यासारखं नोतं. डोळा उघडला का समजे, आपण दुसऱ्याच्या घरी हाओ." ते हातांची माती झटकत राहिले. "मी तवा तांदूळ पाहत होतो ना. भिंत कुठी पाह्यली मी?"

त्यांच्या बायकोला, सरजाबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल दौलतभाऊ माझ्यापाशी बोलले ते हे पहिल्यांदाच.

शुक्रवारी उजाडताच ते स्वतः कुंचा घेऊन उभे राहिले. दारात बाया जमल्या.

"दौलतभाऊ, बांगड्या भरू का?"

"भरा. पण पांढऱ्या नका भरू, मंग मी त्याच पाहत बसन!"

संध्याकाळी भिंती वाळल्या. मला खोली पांढरीच दिसली. पण हिरवट सारवणाच्या कडेला तो पांढरा दुधावरच्या सायीसारखा निवांत बसला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

रविवारी सून आली, पाठराखीण म्हणून सोबत तिची मावशी. सोमवारी मी नेहमीप्रमाणे साडेपाचला उठले. सहा वाजले, साडेसहा वाजले, सात वाजले. नव्या सुनेने पहिल्याच दिवशी इतकं झोपावं? मी मोजके चार शब्द तयार ठेवले. साडेसातला मावशी बाहेर आली, ओशाळलेली.

"बाई, रागावू नका. उठली आता. मले वाटलं होतं, रातभर रडन. पण पडली अन् झोपली. मघा हलवलं, तर डोळे न उघडता म्हन्ते, आई, थांब नं थोडी."

माझे चार शब्द माझ्यापाशीच राहिले.

दौलतभाऊ ओसरीवर उभे होते, कधीपासून कोण जाणे. "उठली का?"

"आत्ता. साडेसातला."

"साडेसात!" त्यांनी टाळीच वाजवली. विहिरीवरच्या बायांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, रस्त्याने जाणारी एक अनोळखी बंडी थांबवून तिच्या धन्यालाही सांगितलं. माझी सून दाराआड लाजून चूर. मी म्हणत राहिले, "पुरे हो, दौलतभाऊ!" तोवर आणखी तिघांना कळलं होतं.

सगळ्यांना सांगून झाल्यावर ते आपल्या घरात गेले. त्यांच्या-माझ्या घरात एकच भिंत. मी अलीकडे तांदूळ निवडत बसले होते. पलीकडच्या रिकाम्या घरातून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"साडेसात वाजता उठली, समजलं का? साडेसात."