दोन सुतांचा झोल

आमचे शेजारी प्रल्हादराव माणसंसुद्धा सुतात मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंड्याचं, सुताराचं आणि फिटरचं माप. प्रल्हादराव तीस वर्षं एका वर्कशॉपात फिटर होते. नोकरी सुटली, माप सुटलं नाही. गल्लीत लग्न झालं की त्यांचा शेरा ठरलेला: "पोरगी सरळ हाय. नवरदेव अर्धा सूत वाकडा." एकदा पंगतीत त्यांनी खिशातली लोखंडी पट्टी काढून दोन जिलब्या मोजल्या आणि एक बारीक आहे हे आचाऱ्याला बोलावून दाखवलं. आचारी म्हणाला, "काका, गोडी सारखीच हाय." प्रल्हादराव म्हणाले, "गोडीचं मी इचारलंच नाई."

त्यांची जीप पंचवीस वर्षांची आहे. तिला हात लावायची परवानगी अख्ख्या रिसोडमध्ये एकट्या सलीम मिस्त्रीला आहे. तीही प्रल्हादराव समोर उभे असतील तरच.

पंधरा दिवसांपूर्वी या जीपचा डावीकडचा पुढचा दरवाजा खचला. बिजागऱ्यांच्या पिना झिजल्या होत्या आणि दोन सुतांचा झोल, म्हणजे ढिलेपणा, आला होता. दुसऱ्या कुणी दरवाजा जरा उचलून लावला असता. इथे ते शक्य नव्हतं. प्रल्हादरावांच्या पत्नी सुमनबाई यांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने गेली. डाव्या हाताने दरवाज्याची चौकट धरायची, सगळा भार तिच्यावर टाकायचा आणि पाय वर घ्यायचा, अशा त्या जीपमध्ये चढतात. त्या दिवशी दरवाजा त्यांच्या हाताखालीच खाली बसला. त्या पडता पडता वाचल्या.

"आता मी घराबाहेर निघत नाई," त्या म्हणाल्या. "वाशिमचा व्यायाम तुमीच करा."

व्यायाम शिकवणारे डॉक्टर वाशिमला फक्त गुरुवारी येतात, चारपर्यंत. एक गुरुवार हुकला. सुमनबाईंची बोटं पुन्हा आखडू लागली. दरवाजा पक्का झाला तरच येईन, एवढं त्यांनी कबूल केलं. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला जीप सलीमच्या गॅरेजात उभी होती. दरवाजा धरायला मी होतो.

सलीम म्हणाला, "काका, चार जनं धरून बसवू ना काकूले. दहा मिन्टाचं काम."

"तिले कोनी धरलेलं चालत नाई."

"मंग पिनेले वेल्डिंगचा टाका मारतो."

"टाका कपड्याले मारतात, सलीम. पिना नव्या पायजेत. बुश बी नवे."

दरवाज्याखाली जॅक लावला, जॅकवर पोतं टाकलं. वरची पिन निघाली. प्रल्हादरावांनी तिचं माप घेऊन चिठ्ठी लेथवाल्याकडे पाठवली. साडेअकराला नव्या पिना आणि त्या ज्यात फिरतात ते बुश आले. वरची पिन बसवली, सलीमने दरवाजा हलवला. झोल तसाच होता.

प्रल्हादरावांनी जुनी पिन उचलून उजेडात धरली. पिनेचं माप डोक्याजवळ घ्यायचं असतं, जिथे ती झिजत नाही. त्यांनी ते मधोमध घेतलं होतं, नेमकं झिजल्या जागी. ही गोष्ट फिटरला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

"काका, तुमी अन् चूक?" सलीमने हळूच विचारलं.

"ध्यान घरीच हाय रे," प्रल्हादराव म्हणाले. "सकाळपासून."

एक वाजता विजेची लाईन जाते. लाईन गेली की लेथ बंद, आणि लेथ बंद म्हणजे हाही गुरुवार गेला. या वेळी माप सलीमने घेतलं. प्रल्हादराव स्वतः लेथवर जाऊन उभे राहिले आणि एकला दहा कमी असताना दोन गरम पिना फडक्यात गुंडाळून आले. वरची बसली. खालची जुनी पिन मात्र गंजून बिजागरीच्या कानात, पिन ओवतात त्या कडीत, रुतली होती. सलीमने डिझेल सोडलं, हातोडा उचलला.

"जपून. कान तुटला तं दरवाजा गेला."

"मालूम हाय, काका. तुमी तिकडं पाहा."

प्रल्हादरावांनी खरोखर रस्त्याकडे तोंड केलं. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला गंज उडाला. तिसऱ्याला पिन जमिनीवर पडली, कान शाबूत राहिला. पावणेदोनला दरवाजा रेषेत बसला. प्रल्हादरावांनी दोन्ही हातांनी चौकट धरली, पाय उचलले आणि पांढऱ्या पायजम्यानिशी दरवाज्याला लोंबकळले.

"काकू तुमच्याहून हलक्या हायेत," सलीम म्हणाला.

"म्हनूनच तं."

सव्वादोनला सुमनबाई घरासमोर, जीपशेजारी उभ्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने दरवाजा हलवून पाहिला.

"सलीमनं केला का तुमी?"

"सलीमनं."

"मंग पक्का असन."

त्यांनी चौकट धरली. प्रल्हादराव त्यांच्या मागे उभे होते. प्रल्हादरावांचा उजवा हात पुढे आला आणि सुमनबाईंच्या पाठीमागे थांबला. पदराला लागत नव्हता, पण दूरही नव्हता.

"हात खाली घ्या," सुमनबाई मागे न वळता म्हणाल्या. "मागच्या दाराच्या काचेत दिसून राह्यला मले."

प्रल्हादरावांनी हात खाली घेतला. सुमनबाईंनी दरवाज्यावर भार टाकला, पाय उचलला. तोवर हात पुन्हा वर आला होता. सुमनबाईंनी एकदा काचेकडे पाहिलं. मग तो तिथेच राहू देत त्या वर चढून बसल्या.