मेहरूनखालांची गाठ

मेहरूनखाला माणूस पाठमोरं झाल्याशिवाय ओळखत नाहीत. समोरून तुम्ही "खाला, बऱ्या आहात का?" म्हणा, त्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं तुमच्याकडं बघतील. चार पावलं पुढं गेलात की मागून हाक येते, "अगं, पाटलाची थोरली व्हय तू? कवा आलीस?" वळून बोलायला जावं तर ओळख पुन्हा बंद. पंधरा वर्षं शेजारी राहून मला अजून कळलेलं नाही, की त्यांच्याशी बोलताना तोंड कुठं करायचं.

खाला पटवेकरी. काळी पोत, बोरमाळ, मंगळसूत्र, काय असेल ते ओवून द्यायचं आणि शेवटी दोन्ही टोकं रेशमात घेऊन, वेढे देऊन, मेण लावून मानेमागं गाठ बसवायची, हा त्यांचा धंदा. ओवणं म्हणजे काम नव्हेच, असं त्यांचं मत. "मणी कुनीबी ओवतंय. टोक दाखवा मला." उमरग्यातल्या निम्म्या बायकांच्या मानेवर त्यांच्या हातची गाठ आहे आणि खाला त्या बायकांना गाठीवरूनच ओळखतात. लग्नात गेल्या की नवरीच्या मागं जाऊन बसतात. नवरी दिसायला कशी होती विचारलं, तर गडबडतात. "टोक नीट होतं," म्हणतात.

एकदा आम्ही दोघी एसटीनं लातूरला निघालो होतो. खालांना सगळ्यात मागची सीट लागते, तिथून सगळ्या माना दिसतात. ती भरलेली होती, म्हणून मध्येच बसलो. पुढं एक अनोळखी बाई. औसा यायच्या आत तिनं बोंब ठोकली, कारण खालांचा हात तिच्या पोतीला. गाडी थांबली, कंडक्टर आला, "धरा, धरा" सुरू झालं. खालांनी दोऱ्याचं टोक दातात धरलेलं, त्यामुळं त्यांना बोलता येईना. मी शाळेत गणित शिकवते, चाळीस पोरांपुढं माझा आवाज कधी अडत नाही. पण "या पटवेकरी आहेत" एवढं साधं सांगायचं सोडून मी म्हणाले, "त्यांना टोकं आवडतात." लोक आता माझ्याकडंही संशयानं बघायला लागले. तेवढ्यात खालांनी दोरा तोडला आणि शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या इस्टांडापतोर गेली असती बगा." त्या बाईनं मान हलवून बघितली, गळ्याला हात लावून बघितला आणि उतरताना खालांच्या पाया पडली.

त्यांचे नियम त्यांचे. पोत उतरवून हातात दिली, की आधी पत्र्याच्या डब्यातनं दोऱ्यात बांधलेलं हळकुंड काढतात आणि आपल्या गळ्यात घालायला लावतात. सवाष्णीचा गळा मोकळा राहू द्यायचा नाही. मी एकदा म्हणाले, "खाला, दहा मिनिटांचं तर काम. राहू द्या की." त्यांनी पोत परत माझ्या हातात ठेवली. "तुमाला चालतंय बाई, माज्या दुकानात न्हाय चालत." मशिदीमागच्या त्या खोलीत बसून एक मुसलमान बाई मला सवाष्णपण शिकवत होती आणि मी मुकाट्यानं हळकुंड घालत होते. मग पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून त्या वेढे कसे देतात ते बघत बसले. माझी ती गाठ पुढं कधी जागची हलली नाही.

आणि इथंच माझा घोळ सुरू झाला. माझी गाठ हलली नाही, माझ्या जावेची हलली नाही, गल्लीतल्या एकाही सुनेची हलली नाही. पण गल्लीतल्या ज्या मुली लग्न करून बाहेर गेल्या, त्यांच्या गाठी वर्षाच्या आत ढिल्या. हात तोच, रेशीम तेच, मेण तेच. सुनंदा दिली बिदरकडं, तिची ढिली. वाण्याची कविता दिली परांड्याला, तिची ढिली. सुटायची नाही, मणी एक पडायचा नाही, नुसती सैल पडून मानेवर लोळायची. मी म्हटलं, गिऱ्हाईक परत यावं म्हणून करत असतील. तर दुसऱ्यांदा बांधायचं त्या काहीच घेत नव्हत्या, उलट चहा पाजायच्या. गणिताच्या बाईला उत्तर चुकलेलं सोसतं, पण रीतच कळली नाही तर झोप लागत नाही. मी सरळ विचारलं, तर खाला म्हणाल्या, "तिकडची हवा बाई." बिदरची आणि परांड्याची हवा एक कशी, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

मग माझ्या मयूरीचं लग्न ठरलं. मुलगा चाकणला, कंपनीत. मी खालांना बजावून सांगितलं, "माझ्या पोरीची पक्की पाहिजे. हवाबिवा मला सांगायची नाही." त्यांनी मयूरीला पाठमोरी बसवली आणि बराच वेळ तिची मान बघत राहिल्या. "पक्की?" त्यांनी विचारलं. "पक्की," मी म्हणाले. "बगते," म्हणाल्या.

मयूरी गेली ती गेलीच. माणसं वाईट नाहीत, मी खोटं बोलणार नाही. पण पंचमीला तिच्या सासूचं गुडघ्याचं दुखणं निघालं, दिवाळीला त्यांच्याकडं सगळे जमणार होते, संक्रांतीला जावयाला सुट्टी नव्हती. पंचमीला तर आमच्याकडं सगळ्यांच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, आणि मी माझ्या दारात उभी राहून दुसऱ्यांच्या पोरींना बांगड्या भरताना बघत होते. "पाठवा हो तिला," असं एक वाक्य फोनवर म्हणायचं, ते मला जमलं नाही. ताठा म्हणा, दुसरं काय. मयूरी फोनवर "बरी आहे" म्हणायची आणि मी "मग झालं तर" म्हणायचे. फोन ठेवला की मला भयंकर राग यायचा, आणि कोणावर ते कळायचं नाही.

फाल्गुनात तिच्या सासूबाईंचाच फोन आला. "अहो, मयूरीच्या मंगळसूत्राची गाठ सैल पडलीय. इथं दोघा पटवेकऱ्यांना दाखवली, त्यांना ती बांधणीच कळेना. म्हणाले, ज्यांनी बांधली त्यांच्याकडंच न्या. गळ्यातली वस्तू, उगीच जिवाला घोर नको. परवा पाठवते, चार दिवस राहू द्या."

मी फोन ठेवला आणि तशीच चपला घालून खालांकडं गेले. माझी शरमेनं मान खाली गेली होती. नव्या सोयऱ्यांत पहिल्याच वर्षी मंगळसूत्र ढिलं. मी दारातूनच सुरू झाले. पक्की म्हणून सांगितलं होतं, शेजारधर्म म्हणून काही असतं, तुमचा हात गेला असेल तर तसं सांगायचं होतं. खाला मेण गरम करत होत्या. माझं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"पोरगी कवा यायलीय?"

"परवा."

"मग भांडायला कशापायी आलाव?"

त्या म्हणाल्या, "बसा." मी बसले. पाणी दिलं, ते प्याले.

"बाई, सासरचे पोरीला कशाला न्हाय म्हनतेत? सनाला म्हनतेत, आजाराला बी म्हनतेत. पन गळ्यातल्याला कुनी न्हाय म्हनत न्हाय. म्या दोन येढे कमी घेते. वर्साच्या आत सैल पडती. मणी पडत न्हाय, तेवढी जिम्मेदारी माजी. माज्याबिगर कुनाला जमू नये अशी बांधते. मग काय, येतेत पोरी."

इतकी वर्षं मी सुना आणि लेकी वेगळ्या मोजत होते आणि उत्तर माझ्या पुढ्यात बसून मेण गरम करत होतं. मला रडू यायला लागलं. ते लपवायला मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

खालांनी रेशमाची लड उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"माजी शबाना गुलबर्ग्याला हाय. तिचा लच्छा, आमच्यातली लग्नाची काळी पोत, म्या बांधला, तवा मला कुटं काय कळत होतं. आपल्या लेकीचं म्हनून सगळी कारागिरी वतली. येकोनीस वर्सं झाली, धागा हालला न्हाय. लोकं नाव काढतेत. पोरगी दोनदा आली. येकदा तिचे अब्बा गेले तवा, येकदा मला टायफाईड झाला तवा."

"मग तुम्ही जाऊन सैल करून यायची की."

"गेलते. तिची येनी घालायच्या निमितानं मागं बसले. सुई संगं नेलती. नुसतं टोक घालून वडायचं, येवढंच काम." त्या थोडं हसल्या. "पन काय बांधलीय बाई ती. तसली पुन्हा न्हाय जमली मला. सैल करायला हात धजला न्हाय."

मी सरकून त्यांच्याशेजारी बसले. गुलबर्गा इथून एसटीनं काही तासांवर आहे. एवढंसं अंतर एकोणीस वर्षं कसं पुरलं, हे गणित मला त्या दिवशीही सुटलं नाही.

मयूरी आली. चार दिवसांसाठी आलेली, सात दिवस राहिली. जायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी खालांकडं गेलो. हळकुंड गळ्यात घालून मयूरी पाठमोरी बसली, इकडचं तिकडचं बोलत. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. खालांनी अंगठ्याला रेशीम अडकवलं, वेढे द्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून माझ्याकडं बघितलं.

"पक्की बांधू का बाई?"

मी मयूरीच्या मानेकडं बघितलं. बारीक झाली होती पोरगी.

"पंचमीपर्यंत टिकली तरी पुष्कळ," मी म्हणाले.