भेगेवरचा हळवा बझर

रविवारी सकाळी अलफिया कोथिंबीर घेऊन वारज्यातल्या आपल्या सोसायटीत शिरली, तर सगळी बिऱ्हाडं खाली पार्किंगमध्ये उतरलेली. हिंमतराव घोरपड्यांच्या एकाच गालावर दाढीचा फेस होता. द्वारकाकाकूंनी कुकर पोटाशी धरला होता.

"अगं, तुझं यंत्र बोंबलतंय!" काकू म्हणाल्या. "दोनच शिट्ट्या झाल्या होत्या, तसाच उचलून आणला."

यंत्र अलफियाचंच होतं. ती सेन्सर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या भेगेवर तिने महिन्यापूर्वी काचेची केसाएवढी बारीक तार चिकटवली होती. भेग रुंदावली की तार वाकणार, आतला प्रकाश गळणार आणि बझर वाजणार. तोही हाताने बंद करेपर्यंत. गॅलरीच्या दुरुस्तीचा ठराव मात्र चार वर्षं अडला होता. हिंमतरावांच्या मते ती भेग नव्हतीच, प्लास्टरला पडलेली सुरकुती होती.

अलफिया वर धावली. भेग होती तेवढीच होती. मग तिची नजर यंत्राच्या डब्यावरच्या बटणाकडे गेली. ते १३१० ऐवजी १५५० वर होतं! १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तारेतली बारीकसारीक वळणं निभावून नेतो. १५५०चा तिथेच गळायला लागतो. तार तीच, भेग तीच, पण यंत्र भलतंच हळवं झालेलं. कुणी दार आपटलं तरी ते गळा काढणार.

तिने बटण जागेवर आणलं, बझर बंद केला आणि हसतच खाली निघाली. जिन्यातच सेक्रेटरी बापूरावांचा आवाज कानावर आला.

"दुरुस्तीच्या ठरावावर सह्या करणाऱ्यांनी रांगेत यावं. पेन परत द्यायचं आहे."

"आणा इकडे!" हिंमतराव कडाडले. "चार वर्षं काय झोपला होतात?"

अलफिया थबकली. आत्ता खरं सांगितलं, तर भेगेची पुन्हा सुरकुती होणार. आणि भेग तर सावकाश का होईना, वाढत होती. महिन्याभराचे आकडे तिच्याकडे होते. तिचे कान तापले. शेवटची सही होईपर्यंत ती पायरीवर बसून चपलेचा धडधाकट पट्टा तपासत राहिली.

मंडळी वर गेल्यावर तिने बापूरावांना गाठलं. "काका, मी आधीच सांगायला हवं होतं. आज धोका नव्हता. कुणीतरी बटण १५५० वर..."

"मीच," ठरावाची घडी घालत बापूराव म्हणाले.

"तुम्ही? मुद्दाम?"

"तुझी माहितीपुस्तिका वाचली. पान अकरा. मराठीत असती, तर महिना लागला नसता."