हातोडी, उचकटणी आणि हमीदभाई

आमचे शेजारी हमीदभाई बोलता बोलता डाव्या हाताची चार बोटं स्वतःच्याच उजव्या मनगटावर नाचवायचे. भाजी घेताना, केस कापून घेताना, मयतीच्या घरी सतरंजीवर बसल्यावरसुद्धा. नवख्या माणसाला वाटायचं, वाताचा आजार असावा. घाटंजीच्या बाजारात एका जडीबुटीवाल्याने दया येऊन त्यांना तेलाची बाटली फुकट दिली होती. हमीदभाईंनी ती गिटारच्या खुंट्यांना लावून संपवली.

हो, गिटार. वय बावन्न, हयात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेलेली, आणि हा माणूस शिकत होता हेवी मेटल नावाच्या दणदणाटी विलायती संगीतातली लीड गिटार.

ती कापसाची वाईट वर्षं होती. हंगामभर धडधडणाऱ्या जिनिंगा एकेक करून गप्प झाल्या, त्यात हमीदभाईंचीही झाली. बाकीच्यांपैकी कोणी पानठेला टाकला, कोणी ऑटो घेतला. हमीदभाईंनी नागपूरला शिकणाऱ्या भाच्याने टाकून दिलेली इलेक्ट्रिक गिटार उचलली आणि तिच्यासोबत कवटीचं चित्र असलेली एक कॅसेट. ती पहिल्यांदा ऐकून मला म्हणाले, "गुरुजी, इतका आवाज, पन एकही नट ढिला नाही."

आता घाटंजीत हे शिकवणार कोण? त्यांनी टेपची पुली बदलली, कॅसेट अर्ध्या वेगाने चालवली आणि एकेक सूर हेरून काढला. त्या करामतींना नावंही स्वतःच्या धंद्यातलीच दिली. वाजत्या तारेवर दुसरं बोट आपटलं की हातोडी. तेच बोट ओढून काढलं की उचकटणी. तार ढकलून सूर चढवला की जॅक लावला. पातळ तार तुटली तर सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक पदर सोडवून बसवायचे. बोटं सोलून निघायची. मी काही म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "पहिले सावकाश, मंग साफ, मंग जोरात. मशीन असंच चालू करा लागते."

'जोरात'ची पाळी आली आणि आमचं बिनसलं. त्यांनी लग्नातल्या लाउडस्पीकरचं एक जुनं मशीन गिटारला जोडलं. रोज दुपारी चारला, म्हणजे बरोबर माझ्या पेपर वाचायच्या वेळेला, आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागायचं. दोन महिने मी सोसलं. मग एक दिवस तरातरा गेलो आणि मास्तरकीतला सगळा आवाज लावून बोललो. या वयात शोभतं का, जिनिंग बंद पडली म्हणून गल्लीत दुसरी काढायची का, असं बरंच काही. तोऱ्यात बोललो, हे आज कबूल करतो. दारात त्यांची बायको, जुबेदाभाभी, उभी होती. ती हसून म्हणाली, "चहा ठेवते, बसा." मी मनात म्हटलं, काय बाई आहे, नवऱ्याचा उद्धार चाललाय आणि हिला चहा सुचतो.

हमीदभाईंनी भाभीकडे एकदा पाहिलं आणि मला एवढंच म्हणाले, की चारला फक्त पंधरा मिनिटं वाजवू द्या. मी एक मिनिटही नाही म्हणालो. त्यांनी मशीनची वायर काढली, नीट गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली. त्यानंतर भिंतीपलीकडून नुसती तारांची टिकटिक यायची. मला मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांनी ते एक कागद घेऊन माझ्याकडे आले. भाभीला यवतमाळला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं आणि कागद इंग्रजीत होता. तेव्हा मला कळलं की भाभीने वीस वर्षं त्याच जिनिंगमध्ये मशीनच्या तोंडाशी कापूस टाकला होता आणि कान तिथेच गेले होते. आमचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची, जमेल तेवढं.

"गिटार लाउडस्पीकरच्या मशीनवर लावलं तं तिले आयकू यायचं," हमीदभाई म्हणाले. "दुसरं कोनतंच गानं तिले आयकू येत नव्हतं. चारले चहा घेऊन समोर बसे."

मी विचारलं, मग त्या दिवशी सांगितलं काहून नाही?

"तिच्यासमोर कसं सांगू, गुरुजी? बहिरी म्हटलेलं तिले ओठावरून समजते."

कागदावर लिहिलं होतं की आता दोन्ही कान पूर्ण गेले आहेत. ते मी वाचून दाखवलं. मग घाईघाईने म्हणालो, वायर जोडा, आजच जोडा, गल्लीला मी सांगतो.

"आता कायले," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी चारला मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे जाऊन बसलो. गिटार वायरीशिवायच वाजत होती. भाभी कप घेऊन समोर बसली होती आणि तिची नजर त्यांच्या बोटांवर होती. हातोडी, उचकटणी, जॅक. एका ठिकाणी तिने कप खाली ठेवला आणि मान नकारार्थी हलवली. हमीदभाईंनी तेवढा तुकडा परत वाजवला.

"चुकलं तं तिले दिसते," ते मला म्हणाले. "म्हनून एकही बोट चुकवून चालत नाही."

दोन वर्षं, रोज पंधरा मिनिटं, भाभीला गाणं ऐकू येणार होतं. ती दोन वर्षं मी निवांत पेपर वाचला.